बंद घर आणि चौकटी कंस

गणपतीला आठ दिवस होते. घर उघडायला मी एकटीच पुढे आले होते. भाऊ आणि वहिनी मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की यायचे होते. काकी, नात्यातली नव्हे, घर सांभाळणारी, चावी घेऊन बेड्यापाशी उभी होती. कुलूप काही केल्या उघडेना. तिनं सोबतच्या पिशवीतून बाटली काढली, खोबरेलाचे चार थेंब कुलपात सोडले आणि म्हणाली, "थांब बाय, पावसान धरलाय त्याला."

दार उघडलं आणि तो वास आला. कोकणातलं बंद घर ज्यांनी उघडलंय त्यांना तो वेगळा सांगायला नको. ओली माती, पाकोळ्यांची घाण, बुरशी धरलेली गादी, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी जुन्या तांदळाचा वास. ओटीवरच्या खांबावर वाळवीनं मातीची रेघ चढवत नेली होती, थेट आढ्यापर्यंत. माजघरावरचं एक कौल सरकलं होतं. तिथून पाऊसभर पाणी आत आलेलं, खालची जमीन फुगून भुसभुशीत झालेली, आणि त्या ओलीत, घराच्या पार मधोमध, टाकळ्याचं एक रोप हातभर उंच वाढलं होतं. पानं कोवळी होती. दिवसातून तासभर ज्या फटीतून ऊन येत असेल तिकडे मान वळवून ते उभं होतं.

काकीनं ते उपटायला हात घातला. मी तिला म्हटलं, जरा थांब.

हे रोप मी आधी एका पुस्तकात पाहिलं होतं. त्या पुस्तकातही एक बंद घर आहे. समुद्राकाठचं, वर्षानुवर्षं कुणी न आलेलं. त्याच्या कोठीघरातल्या फरशांमधून काटेरी झुडूप वर येतं, दिवाणखान्यात पाखरं घरटं करतात, पुस्तकांना बुरशी चढते. आणि तिथेही रात्री दीपगृहाचा उजेड खिडकीतून आत येतो, पलंगावरून, भिंतीवरून फिरतो आणि निघून जातो. आमचं घर गुहागर तालुक्यात, शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या अलीकडच्या अंगाला. तवसाळहून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की जयगड. आमच्या पडवीतून जयगडच्या बत्तीचा मनोरा दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो. लहानपणी मी त्याच्यावर आकडे मोजत झोपायची.

ती कादंबरी म्हणजे व्हर्जिनिया वुल्फची 'टू द लाइटहाऊस'. ५ मे १९२७ ला ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, वुल्फ नवरा-बायको घरचाच छापखाना चालवत त्या होगार्थ प्रेसमधून. ५ मे हीच वुल्फच्या आईच्या मृत्यूचीही तारीख. साल १८९५. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याआधीचे तिचे सगळे उन्हाळे कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌ज गावच्या भाड्याच्या घरात गेले होते, खाडीपलीकडे गॉड्रेव्हीचं दीपगृह दिसणाऱ्या. आई गेली, ते घर सुटलं, आणि तीस-बत्तीस वर्षांनी लेकीनं ते कागदावर पुन्हा बांधलं. कादंबरीत जागा बदलली, स्कॉटलंडमधलं स्काय बेट आलं. माणसं आणि समुद्र तेच राहिले. जिच्यावरून कादंबरीतली आई उभी राहिली ती खरी आई, जूलिया, १८४६ मध्ये कोलकात्यात जन्मली होती. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला उगाचच आपल्या नात्यातलं कुणी भेटल्यासारखं झालं.

माझी प्रत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली. कॉलेजात असताना मी ती दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली. काही घडतच नव्हतं. एक बाई मोजा विणतेय, तिचा सहा वर्षांचा मुलगा कात्रीनं चित्रं कापतोय, उद्या दीपगृहावर जायचं का एवढाच प्रश्न. आई म्हणते, हवा चांगली असली तर नक्की जाऊ. बाप म्हणतो, हवा चांगली नसणार. एवढ्यावर शंभरेक पानं. एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात वाक्यं सरकत जातात आणि आपण कुणाच्या डोक्यात आहोत हे कळेपर्यंत तिसराच कुणी विचार करू लागलेला असतो. मराठीत याला संज्ञाप्रवाह म्हणतात. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये 'रात्रीचा दिवस' लिहिली ती याच रीतीनं. शब्द माहीत होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण पुस्तक माझ्यापर्यंत आलं ते पुढे पंचविसेक वर्षांनी, याच घराच्या पडवीत, बाबांचे दिवस झाल्यावर मी तेराव्यानंतर चार दिवस मागे राहिले तेव्हा.

त्या वेळी कळलं की पहिल्या भागात काही घडत नाही ते मुद्दामच. घर भरलेलं असताना काय घडतं? कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारतं. कुणी रुसतं. कुणाचं तरी लग्न जमतं. पोरांच्या खोलीत भिंतीवर डुकराची कवटी टांगलेली आहे. मुलीला तिची भीती वाटते आणि मुलाला ती काढलेली चालत नाही, म्हणून आई आपली हिरवी शाल कवटीभोवती गुंडाळते आणि दोघांनाही झोपवते. मुलीला सांगते, बघ, हा डोंगर झाला, हे पाखराचं घरटं झालं. मुलाला सांगते, कवटी आत आहेच. माझ्या आजीनं नेमकं हेच केलं असतं. नऊवारीच्या पदरात तिनं अशा किती गोष्टी झाकल्या आणि तरी जागच्या जागी ठेवल्या.

बाप, मिस्टर रॅम्झी, बागेत येरझाऱ्या घालतो आणि मोठमोठ्यानं कविता म्हणतो. टेनिसनची, १८५४ च्या क्रिमियन युद्धातली. तोफांच्या तोंडी घोडदळ पाठवलं गेलं, हुकूम देताना कुणाची तरी चूक झाली होती, तरी शिपाई गेले. युद्ध अजून इतकं लांब आहे की ते बागेत फिरताना म्हणायच्या कामी येतं. त्याचा मोठा मुलगा अँड्र्यू तेव्हा घरातच आहे, गणितात हुशार, समुद्रकाठी खेकडे गोळा करणारा.

मग दुसरा भाग येतो. 'काळ जातो' एवढंच त्याचं नाव. वीस-पंचवीस पानं, आणि त्यांत दहा वर्षं. दिवे मालवले जातात, माणसं झोपतात, वारा घरात शिरतो. सकाळ व्हावी तशी पुढची पानं येतात, पण माणसं परत येत नाहीत. महायुद्ध या पानांत आहे. घरात बसून जेवढं जाणवेल तेवढंच: काचेच्या कपाटात पेले किणकिणतात, दूर कुठेतरी दणके बसल्यासारखे. समुद्रावर राखेच्या रंगाचं एक जहाज येऊन जातं आणि पाण्यावर जांभळट डाग राहतो. हिरव्या शालीची एकेक घडी सुटत जाते, कवटी पुन्हा उघडी पडते.

आणि मधेच चौकटी कंस येतात.

मिसेस रॅम्झी, जिच्याभोवती शंभर पानं फिरली, ती कंसात मरते. एका वाक्यात, तेही नवऱ्याविषयीच्या: अंधाऱ्या पहाटे तो बोळातून हात पसरून चाललाय आणि ती आदल्या रात्री गेलीय, त्यामुळे हात रिकामे. मोठी मुलगी कंसात लग्न करते, आणि पुढच्या कंसात बाळंतपणात जाते. अँड्र्यू कंसात जातो. फ्रान्समध्ये एक तोफगोळा फुटला, वीस-तीस तरुण मेले, त्यांत हाही. लगेच मेला हे बरं झालं. कंस पूर्ण. पुढच्या वाक्यात परत वारा, पाऊस, गवत.

त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. पहिला राग आला तो लेखिकेचाच. अशी कशी ही? मग वाटलं, बाईनं खरं लिहिलंय. तिच्या सावत्र बहिणीचं, स्टेलाचं, १८९७ च्या एप्रिलमध्ये लग्न झालं आणि जुलैत ती गेली. १९०६ मध्ये भाऊ थोबी विषमज्वरानं गेला. १९१७ च्या नोव्हेंबरात नवऱ्याचा भाऊ सेसिल फ्रान्समध्ये मेला, आणि त्याच तोफगोळ्यानं दुसरा भाऊ फिलिप जखमी झाला. या बाईला मरण कसं येतं हे माहीत होतं. ते तारेत येतं, दोन ओळींत, आणि तार वाचून झाल्यावर चुलीवरचं दूध उतू जातच असतं. युद्धावरच्या बहुतेक कादंबऱ्या आपल्याला खंदकात नेतात. ही घरात ठेवते. मला ही जास्त खरी वाटते, कारण आमच्या किनाऱ्यावर युद्ध असंच आलं.

आमच्या घरातून एक माणूस पहिल्या महायुद्धात गेला. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ. घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं: "थोरले बसऱ्याला गेले ते तिकडेच ऱ्हायले." मी लहानपणी बसरा म्हणजे मुंबईच्या पलीकडचं एखादं गाव समजायची, चाकरमानी राहतात तसलं. कोकणातल्या अनेक घरांत तो शब्द असाच वावरला आहे. रत्नागिरी जिल्ह्याची ओढ दोनच ठिकाणी, मुंबईची गिरणी-गोदी किंवा पलटण. आणि बोटीवरचे खलाशी, ते तर वेगळेच. बॉयलरच्या तोंडाशी कोळसा लोटत त्यांनी किती समुद्र ओलांडले याची मोजदाद कुणी ठेवली? १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी आजच्या इराकमधलं बसरा घेतलं तेव्हा पूना डिव्हिजन तिथे उतरली होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. पुढे बगदादच्या रोखानं गेलेली ही फौज मागे हटत कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरल्या गावात शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी तिला वेढलं. १४७ दिवस. शेवटी घोडे मारून खायची पाळी आली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ तोंडात घातलं नाही. स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांना उन्हातून चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे नेण्यात आलं, रेल्वेचा रस्ता करायला लावण्यात आलं. त्यातली हजारो परत आली नाहीत.

लंडनमध्ये यावर चौकशी आयोग बसला. १९१७ मध्ये अहवाल आला, औषधपाण्याची, रसदीची, होड्यांची किती अनास्था होती ते सगळं त्यात निघालं, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला. हुकूम देताना कुणाची तरी चूक झाली होती. मिस्टर रॅम्झी बागेत म्हणायचा तीच ओळ.

त्याच १९१७ मध्ये सरकारनं १११ वी महार पलटण उभी केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच सरकारनं महारांची भरती बंद केली होती. दापोली कॅम्पात स्थायिक झालेल्या महार पेन्शनरांनी, गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी, त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या होत्या. माणसं कमी पडली तेव्हा दार उघडलं, आणि १९२१ मध्ये पलटण मोडून टाकली. त्या घरांतल्या आज्यांनी काय वाक्य सांगितलं असेल हे मला ठाऊक नाही, आणि आमच्या वाडीत राहूनही मी कधी विचारलं नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

थोरल्यांची बायको आमच्याकडे 'मोठी आई' म्हणून ओळखली जायची. मी तिला पाहिलेलं नाही; आजीनं पाहिलं. आजी लग्न होऊन या घरात आली १९३० च्या सुमाराला, आणि मोठी आई तेव्हा पांढऱ्या कपाळाची होती. पण त्यातही एक गोष्ट होती, आणि ती आजी फक्त भात निवडताना सांगायची, का कोण जाणे. पलटणीकडून कागद आला होता. पोस्टातून पेन्शनही येऊ लागलं होतं, मेलेल्या शिपायाच्या बायकोचं पेन्शन. ते पैसे मोठ्या आईनं घेतले, घरात दिले. कुंकू मात्र पुसलं नाही. मेले हे कुणी पाहिलं? अंगठी आली का? अस्थी आल्या का? कैदेत नेलेली माणसं पुढे सुटून आल्याच्या गोष्टी पंचक्रोशीत कानावर येत होत्या. मग सासऱ्यांनीच सांगितलं, शास्त्रात बारा वर्षं आहेत, तेवढी वाट बघ.

ती बारा वर्षं तिनं पाहिली. मधे मानमोडी आली, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, घरातली दोन पोरं गेली. घर दोनदा शाकारलं गेलं. धाकट्या दिराची मुलं मोठी झाली. दर पावसाळ्यानंतर हर्णै, दाभोळ, जयगडला आगबोटी परत लागायला सुरुवात झाली की ती म्हणे मागीलदारी जरा जास्त वेळ उभी राहायची, बाकी काही नाही. १९२८ मध्ये दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि मग बाईच्या बांगड्या फुटल्या. खाडीच्या काठी. ज्याला जाऊन बारा वर्षं झाली त्याचं सुतक दहा दिवस पाळलं.

वुल्फचं पुस्तक आदल्या वर्षी आलं होतं. तिच्या मधल्या भागात दहा वर्षं आहेत, आमच्या घरात बारा होती. हे दोन कागद मी मनात शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मला कादंबरीविषयीचं एक म्हणणं सापडतं, आणि ते मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. तिच्या कंसातलं मरण एका वाक्यात संपतं कारण ते कळतं. आमचं कळलंच नाही. आमचा कंस उघडला आणि बारा वर्षं कुणी बंद केला नाही; एक बाई त्याच्या आत उभी होती.

आणखी एक. १९२७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये न्युव्ह शापेल इथं हिंदी शिपायांचं स्मारक उघडलं, तिथे ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत. बसऱ्याचं स्मारक १९२९ चं. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी फौजेतल्या अंमलदारांची नावं होती. साध्या शिपायांचा पलटणीखाली आकडा दिला गेला. अमुक पलटण, अमुक इतके. कोकणात आणि घाटावर काही गावांतून संगमरवरी पाट्या दिसतात, त्यांचीही रीत तीच: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. अँड्र्यू रॅम्झीला निदान कंसात नाव मिळालं. त्याच्याबरोबर मेलेले बाकीचे वीस-तीस तिथेही आकडाच आहेत, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं. लेखिकेनं तो आकडा उगीच टाकलेला नाही. ती त्यांना विसरली असती तर लिहिलं असतं, अँड्र्यू मेला.

काकीनं एव्हाना रोप उपटून मागीलदारी टाकलं होतं, मी काय बघत बसले ते न विचारता. पदर खोचला आणि केरसुणी हातात घेतली.

कादंबरीत असं घर वाचवतात दोन कामकरी बाया, मिसेस मॅकनॅब आणि मिसेस बास्ट. दहा वर्षांनी पत्र येतं, कुटुंब येतंय, घर तयार ठेवा. घर कोसळायच्या बेतात असतं, लेखिका म्हणते, पिसाचं वजन पडलं तरी खाली जाईल. मग या दोघी बादल्या आणतात, गाद्या उन्हात टाकतात, पुस्तकं गवतावर पसरतात, एकीचा मुलगा उंदीर पकडतो, गवत कापतो. महायुद्धानंतरची सगळी उभारणी त्या चार पानांत आहे, असं मला वाटतं. पण इथे माझं वुल्फशी भांडण आहे. मिसेस मॅकनॅबला ती डुलत चालायला लावते, तिरकी बघायला लावते, तिला बुद्धी नाही असं लिहिते. ज्या कादंबरीत प्रत्येकाच्या मनात इतक्या अलगद शिरलंय तिथे या बाईच्या मनात शिरताना हात जड झालाय. तरी तिच्याच डोळ्यांनी लेखिका मेलेल्या मालकिणीला परत आणते: करडा झगा घालून फुलझाडांवर वाकलेली, दाराशी कामवालीला दोन शब्द बरे बोलणारी. घरच्या माणसांतलं कुणी त्या दहा वर्षांत तिची आठवण काढताना दिसत नाही. ही काढते, बादली उचलता उचलता.

आमची काकी बोलते. कौल सरकलंय हे मला जूनमध्येच फोनवर सांगितलं होतं तिनं, आणि मी सुट्टी बघते म्हटलं होतं. आता तिनं ते पुन्हा काढलं नाही. "घराला मान्सांचा वास लागतो," एवढंच म्हणाली. "नायतर ता आपलाआपन खाली बसता." दर महिन्याला मी तिच्या मुलाच्या मोबाइलवर पैसे पाठवते. त्या पैशांत दिवा लावणं बसतं, झाडणं बसतं. पावसात रात्री घोंगडं घेऊन येऊन पन्हळ फुटला का बघणं कशात बसतं? बाबा गेले तेव्हा आम्ही पोचायच्या आधी त्यांच्या उशाशी हीच होती.

दोन दिवस आम्ही घर काढलं. तिच्या मुलानं वर चढून कौलं चाळली. जमीन चोपली, शेणानं सारवली. गाद्या उन्हात घातल्या. ऊन फार नव्हतं, पण होतं तेवढं घेतलं. संध्याकाळी हातपाय धुऊन पडवीत बसलं की मी पुस्तकाचा तिसरा भाग वाचत होते.

युद्ध संपलंय. उरलेली माणसं परत आलीत. म्हातारा बाप आता सोळा वर्षांच्या झालेल्या मुलाला आणि मुलीला घेऊन दीपगृहावर निघतो, दहा वर्षांपूर्वी राहिलेली फेरी पुरी करायला. मुलांना यायचं नाहीये. होडीत सोबत मॅकॅलिस्टर नावाचा कोळी असतो. तो वादळात कुठे कुठलं जहाज बुडालं ते बोट करून दाखवतो, आमच्याकडे कुणीही म्हातारा तांडेल दाखवील तसं. इथे एक चौकटी कंस पुन्हा येतो, आणि त्यात मेलेलं माणूस नाही: मॅकॅलिस्टरचा पोरगा एका माशाच्या अंगाचा चौकोनी तुकडा कापतो, गळाला लावतो, आणि तो जिवंत मासा परत पाण्यात टाकून देतो. युद्धातून परत आलेल्या पिढीविषयी मी याहून भयंकर ओळ वाचलेली नाही. माझ्या माहितीतले खाडीवरचे लोक ती ओळ वाचून थांबणार नाहीत, आमिष असंच कापतात. मी किनाऱ्यावर वाढले आणि तरी थांबले.

दीपगृह जवळ येतं तेव्हा मुलाला दिसतं, तो एक उघडा-बोडका, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बुरूज आहे. खिडक्या आहेत, खडकावर कपडे वाळत घातलेत. लहानपणी संध्याकाळी दिसायचं ते धूसर, चंदेरी, पिवळा डोळा उघडणारं. मग खरं कुठलं? दोन्ही, असं तो ठरवतो. इकडे अंगणात लिली ब्रिस्को, लग्न न केलेली चित्रकार, दहा वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं चित्र पुन्हा लावून बसलीय. पायरीवरची रिकामी जागा बघून तिला रडू फुटतं आणि ती मेलेल्या बाईला हाक मारते. मिसेस रॅम्झी, मिसेस रॅम्झी. दुसरं काय म्हणणार? अख्ख्या कादंबरीत त्या बाईचं स्वतःचं नाव कुठेच नाही. नवऱ्याचं आडनाव, तेवढंच. आठ मुलं झाली, सगळ्यांनी प्रेम केलं, आणि नाव कुणी उच्चारलं नाही.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं, मोठ्या आईचंही नाव मला ठाऊक नाही. आणि थोरल्यांचंही नाही. आजीला ठाऊक असणारच, पण ते तिचे चुलत सासरे. त्यांचं नाव तिनं तोंडातून काढणं शक्य नव्हतं. मोठी आई तर बायकोच, उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच. घरातले पुरुष 'थोरले' म्हणत. मूल झालं नव्हतं, म्हणून कुणाच्या नावापुढे बापाचं नाव म्हणूनही ते लागलं नाही. मान राखता राखता एका माणसाचं नाव घरातून संपून गेलं. बसऱ्याच्या दगडावर आकडा ठेवणाऱ्यांवर मी इतकी चिडले होते.

तिसऱ्या दिवशी काकीनं माळ्यावरची भांडी खाली काढली. गणपतीत माणसं येणार, पाणी लागणार. तांब्याच्या दोन घागरी, एक हंडा, सगळं हिरवं-काळं पडलेलं. मागीलदारी दगडावर बसून तिनं चिंच आणि राख घेतली आणि हंडा घासायला लागली. मी शेजारी परात घेऊन बसले. घासता घासता ती थांबली. गळ्याखालच्या वळशावर बोट फिरवलं.

"बाय, हितं नाव हाय कायतरी. चष्मा घरात ऱ्हायला माजा."

टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं होती, भांडीवाला ठोकून देतो तशी. काही टिंबं झिजली होती. मी पाणी ओतलं, हंडा उजेडाकडे धरला. आधी साल लागलं, १९१३. पलटणीत भरती झाल्यावरच्या पहिल्या रजेचं असणार. मग आडनाव, आमचंच. मग बापाचं नाव, माझ्या खापरपणजोबांचं, ते मला ठाऊक होतं. आणि त्याच्या आधी, सुरुवातीला, तीन अक्षरी एक नाव, जे मी या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

मी ते मोठ्यानं वाचलं.

काकीनं एकदा म्हणून पाहिलं. तिला काही अडचण नव्हती, ती त्यांची कुणी सून लागत नव्हती. "ह्ये कोन?" तिनं विचारलं.

मी सांगू लागले. तिनं ऐकत ऐकत हंडा पुन्हा जवळ ओढला, नाव असलेला भाग चिंचेनं पुन्हा एकदा घासला, धुतला, आणि विहिरीकडे घेऊन गेली.